तीस मैलांचा रेडिओ

भारतातल्या नभोवाणीचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली चाल आहे. आधी काही हौशी मंडळींचे क्लब. मग १९२७ साली मुंबई-कलकत्त्यात निघालेली आणि तीन वर्षांत बुडालेली एक खासगी कंपनी. मग सरकारने हाती घेतलेला कारभार आणि १९३६ मध्ये ऑल इंडिया रेडिओचा उदय. या कथेत पहिली पंधरा वर्षे नुसती प्रस्तावना ठरतात. खरी गोष्ट दिल्लीत सुरू होते. कंपनी का बुडाली, याचे उत्तरही तयार असते. देश गरीब, यंत्र महाग, लोकांना गोडी नाही, काळ आला नव्हता.

हे उत्तर वरवरचे आहे. मुंबईचा सुरुवातीचा रेडिओ हा राष्ट्रीय रेडिओचा कच्चा मसुदा नव्हता. तो एका शहराचा आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्याचा रेडिओ होता. त्याची विद्युत्शक्ती, त्याचे श्रोते, त्याचे कलावंत, त्याचे ग्राहक आणि विक्रेते सगळे त्या पट्ट्यातलेच होते. तो अडचणीत आला तो श्रोत्यांनी पाठ फिरवली म्हणून नव्हे, तर त्याच्या उत्पन्नाच्या वाटा मुळातच चुकीच्या आखल्या गेल्या म्हणून. पुढे सरकारने त्याला वाचवले हे खरे, पण वाचवताना त्याचे शहराशी असलेले नाते हळूहळू तोडून टाकले. हा दावा भावनेवर सोडण्याची गरज नाही. तारखा, आकडे आणि लहरींचे शास्त्र यांच्या आधारे तो तपासता येतो.

१. कोणी सुरू केला?

ऑगस्ट १९२१ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने टपाल व तार खात्याच्या मदतीने मुंबईहून संगीताचा एक खास कार्यक्रम प्रसारित केला. फर्माईश होती गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांची. पावसाळ्यात गव्हर्नरांचा मुक्काम पुण्यात असे. तिथे पावणेदोनशे किलोमीटरवर बसून त्यांनी तो ऐकला. या प्रसंगाचा उल्लेख सहसा गंमत म्हणून होतो. त्यात भाग घेणारे कोण होते, ते मात्र नीट पाहिले जात नाही. एक वर्तमानपत्र, एक सरकारी खाते आणि एक श्रोता. पुढच्या पंधरा वर्षांत मुंबईच्या रेडिओवर ज्यांची ओढाताण चालली ते तिन्ही पक्ष पहिल्याच दिवशी हजर होते.

दोन वर्षांनी, जून १९२३ मध्ये, मुंबईच्या रेडिओ क्लबने कार्यक्रम प्रसारित करायला सुरुवात केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्याच्या क्लबने आणि ३१ जुलै १९२४ रोजी मद्रासच्या क्लबने तेच केले. प्रक्षेपक लहान, वेळ थोडा, पैसा वर्गणीचा. या क्लबांना ‘हौशी’ म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. पण मुंबईत या हौसेमागे पक्की व्यापारी गणिते होती. वायरलेसचे सुटे भाग बोटीने मुंबई बंदरात उतरत. ते विकणारी, जोडणारी, दुरुस्त करणारी माणसे शहरातच होती. आणि सेट विकायचा तर त्यावर ऐकायला काहीतरी हवे, हे दुकानदाराला कोणी समजावून सांगावे लागत नव्हते. शिवाय १९१५ पासून टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातली वीज मुंबईला मिळत होती. देशात फार थोड्या ठिकाणी या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या.

म्हणजे रेडिओ मुंबईत वरून आला नाही. बंदर, वर्तमानपत्र, व्यापारी, वीज आणि ऐकण्याची सवय असलेला शहरी समाज यांच्यातून तो उगवला. सरकारची भूमिका परवाना देण्याची होती, आणि परवाना देणारा म्हणजे जन्मदाता नव्हे.

२. लहरींचा परीघ

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन झाले. स्टुडिओ अपोलो बंदरावरच्या रेडिओ हाऊसमध्ये होता. महिनाभराने, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. कंपनीचे नाव ‘इंडियन’ होते, पण दोन्ही केंद्रांचे प्रक्षेपक दीड-दीड किलोवॅटचे, मध्यमलहरींचे. त्यांचा खात्रीचा पल्ला तीस मैल, म्हणजे अठ्ठेचाळीस किलोमीटर.

नकाशावर मुंबईभोवती तीस मैलांचे वर्तुळ काढले तर त्याचा जवळजवळ अर्धा भाग अरबी समुद्रात जातो. उरलेल्या अर्ध्यात वसई येते, ठाणे-कल्याण येते, पनवेल, उरण आणि खाडीपलीकडचे अलिबाग येते. आज ज्याला मुंबई महानगर प्रदेश म्हणतात त्याच्याशी हे अर्धवर्तुळ बऱ्यापैकी जुळते. नियोजनकारांना हा प्रदेश कागदावर आखायला पुढची कित्येक दशके लागली. दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकाने तो १९२७ मध्येच आखून टाकला होता.

रात्री चित्र थोडे बदले. मध्यमलहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि लवकर विरतात. अंधार पडला की वातावरणाच्या वरच्या विद्युत्भारित थरांवरून परावर्तित होऊन दूरवर पोचतात. त्यामुळे व्हॉल्व्हचा चांगला सेट बाळगणाऱ्याला शेकडो मैलांवरूनही रात्री मुंबई पुसटशी ऐकू येई, मधूनच विरून जाई. पावसाळ्याच्या तोंडाशी विजांच्या खरखराटात तेही बुडे. असा श्रोता हौसेने ऐके, रोजच्या भरवशावर नव्हे. रोजचा श्रोता तीस मैलांच्या आतला.

या आतल्या श्रोत्याला एक मोठी सवलत होती, आणि तिच्याकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. त्याला महागडा व्हॉल्व्हचा सेट घेण्याची सक्ती नव्हती. तो क्रिस्टल सेटवर काम भागवू शकत होता. क्रिस्टल सेट म्हणजे तांब्याच्या तारेचे एक वेटोळे, गॅलिना या शिशाच्या खनिजाचा एक खडा, त्या खड्यावर टेकवायची केसासारखी बारीक तार आणि कानाला लावायचे हेडफोन. बॅटरी नाही, विजेची जोडणी नाही. गच्चीवर लांब एरियल ताणायची, दुसरे टोक पाण्याच्या नळाला बांधून जमिनीशी जोडायचे, आणि मग ती बारीक तार खड्यावर इकडून तिकडे टेकवत आवाज सापडेपर्यंत धीर धरायचा. सापडला की श्वास रोखून ऐकायचे, कारण धक्का लागला की तार सरकली आणि गाणे गेले. एका वेळी एकच जण ऐकणार, फार तर हेडफोनची जोडी फोडून दोघे. लहरीतून जेवढी शक्ती मिळेल तेवढ्यावरच हे यंत्र चालते, म्हणून ते केंद्राजवळच चालते. स्वस्त रेडिओ आणि जवळचे केंद्र यांची सांगड अशी शास्त्रानेच घातलेली होती. गरीब देशाला रेडिओ परवडत नाही, असे म्हणताना ही सांगड विसरली जाते.

३. हिशेबाची वही

आता पैशांकडे वळू, कारण नेहमीच्या कथेचा पाया इथेच डळमळतो.

कंपनीचे वसूल भांडवल सहा लाख रुपये. त्यातले साडेचार लाख दोन केंद्रे उभारण्यात गेले. उरले दीड लाख. सुरुवातीचा मासिक खर्च होता ३३ हजारांच्या घरात. म्हणजे उत्पन्न शून्य धरले तर हाताशी असलेला पैसा पाच महिनेही पुरणार नव्हता. पुढे काटकसर करून खर्च महिना २४ हजारांवर आणला गेला. कार्यक्रमांवर त्याचा परिणाम व्हायचा तो झालाच.

उत्पन्नाचे मार्ग दोन. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरायचे. त्यातले ऐंशी टक्के कंपनीला, बाकी सरकारला. दुसरा मार्ग आयात होणाऱ्या वायरलेस सामानाच्या किमतीवर दहा टक्के पट्टी. परवान्यांची संख्या १९२७ अखेर ३,५९४, १९२८ अखेर ६,१५२ आणि १९२९ अखेर ७,७७५ होती. शेवटचा आकडा घेतला तर शुल्काचे एकूण उत्पन्न ७७,७५० रुपये. कंपनीच्या वाट्याला ६२,२००. काटकसरीनंतरचा वर्षाचा खर्च दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. परवान्यांतून खर्चाचा जेमतेम पाचवा हिस्सा भागत होता.

हे आकडे पाहून ‘लोकांना गोडी नव्हती’ असा निष्कर्ष काढला जातो. पण दोन वर्षांत परवाने दुपटीहून अधिक झाले, हेही याच आकड्यांत दिसते. खर्च भागवायला ३६ हजार परवाने लागले असते. मुंबई आणि कलकत्त्याची मिळून लोकसंख्या वीस लाखांच्या वर होती. तरीही हा पल्ला दोन-चार वर्षांत गाठणे कठीणच होते. दोष श्रोत्यांचा की ज्यांनी मुख्यतः शुल्काच्या भरवशावर हा धंदा उभा केला त्यांचा, हा खरा प्रश्न आहे.

ही पद्धत उचलली होती ब्रिटनकडून. तिथे शुल्क दहा शिलिंग होते आणि परवानाधारक वीस लाखांवर गेले होते. इथले दहा रुपये त्या काळच्या दराने पंधरा शिलिंग होतात. (रुपया सोळा पेन्सांचा असावा की अठरा, यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्याच वर्षी सरकारशी मोठे भांडण केले होते आणि ते हरले होते. अठराचा दर आला आणि मुंबईकर श्रोत्याचे शुल्क लंडनकराच्या दीडपट झाले.) ज्याची मिळकत लंडनच्या कारकुनाच्या पासंगालाही पुरत नव्हती, त्याने दीडपट भरायचे, आणि तेही सेटवरचा आयातकर भरून झाल्यावर.

शिवाय वसुली करायची कोणी? विनापरवाना ऐकणाऱ्याला पकडण्याची धड तरतूद नव्हती. नुसता सेट बाळगण्यासाठी परवाना सक्तीचा करणारा वायरलेस टेलिग्राफी कायदा झाला १९३३ मध्ये आणि अमलात आला १ जानेवारी १९३४ पासून. कंपनी तोवर बुडून चार वर्षे होत आली होती. ज्या क्रिस्टल सेटमुळे साधा माणूस ऐकू शकत होता, तोच लपवायला सर्वांत सोपा. त्यामुळे ७,७७५ हा परवाने काढणाऱ्यांचा आकडा आहे, श्रोत्यांचा नाही. त्यावरून लोकांची आवड मोजणे चूक आहे.

४. दोनदा टाळलेले मरण

१ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. १ एप्रिलपासून सरकारने दोन्ही केंद्रे ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने उद्योग व कामगार खात्याखाली चालवायला घेतली. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढची दोन वर्षे मात्र घाईत उरकली जातात, आणि युक्तिवादाच्या दृष्टीने तीच फार मोलाची आहेत.

९ ऑक्टोबर १९३१ रोजी सरकारने खर्च परवडत नाही म्हणून ही सेवा बंद करण्याचा हुकूम काढला. जागतिक मंदी ऐन भरात होती. सगळ्याच खात्यांवर कात्री चालली होती. पण श्रोते आणि रेडिओ विक्रेते खवळले. ज्यांच्या दुकानात सेट पडून होते आणि ज्यांनी घरी सेट घेतले होते, त्यांना केंद्र बंद पडणे म्हणजे हातातली वस्तू खोक्यात जमा होणे. दीड महिन्याच्या आत, २३ नोव्हेंबरला, हुकूम फिरवावा लागला. मे १९३२ मध्ये सेवा कायम ठेवण्याचा निर्णय झाला.

ज्या श्रोत्यांना गोडी नव्हती असे सांगितले जाते, त्यांनी सरकारला माघार घ्यायला लावली. कायदेभंगाच्या त्या दिवसांत सरकार इतर कोणत्या गोष्टीत इतक्या चटकन मागे सरले, हे आठवून पाहावे.

मग पैसा आला कुठून? सेट आणि सुट्या भागांवरचा आयातकर २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला गेला आणि सेवा स्वतःच्या पायावर उभी राहू लागली. कंपनीला बंदरावर जी वसुली कधी नीट मिळाली नाही, तीच सरकारने कस्टम्सच्या खिडकीवर सहज केली. हा पर्याय १९२७ मध्येही होता. आयातकराचा एक वाटा प्रसारणाकडे वळवला असता तर पुढचे सगळे वेगळे घडले असते, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. कंपनीचे भांडवल तोकडे होते, ते होतेच. पण तिच्या मरणाची कारणे बहुतांशी नियमांत होती, आणि ज्या दिवशी नियम बदलले त्या दिवशी तेच शहर, तेच श्रोते आणि तेच दीड किलोवॅट पुरेसे ठरले.

परवान्यांच्या पुढच्या वाढीचे सगळे श्रेय मात्र मुंबई केंद्राला देता येत नाही. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली. लंडन ऐकायला मिळावे म्हणून इथल्या युरोपीय मंडळींनी आणि सुखवस्तू देशी घरांनी लघुलहरींचे सेट घेतले. १९३३ च्या आरंभी साडेआठ हजारांच्या आसपास असलेले परवाने वर्षअखेरीस १०,८७२ झाले, त्यात लंडनचा वाटा मोठा होता. मुंबईच्या तिजोरीत त्या दिवसांत लंडनच्या घड्याळाचे टोलेही जमा होत होते, असे म्हणायला हरकत नाही.

५. मद्रासने काय केले

शहराचा रेडिओ शहरानेच चालवावा, ही आज कल्पनाविलास वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात घडली आहे. मद्रासचा क्लब १९२७ मध्ये पैशाअभावी बंद पडला. त्याने आपला प्रक्षेपक मद्रास महापालिकेला देऊन टाकला आणि १ एप्रिल १९३० पासून महापालिकेने नियमित प्रसारण सुरू केले. तारीख लक्षात घ्यावी. ज्या दिवशी मुंबईचे केंद्र भारत सरकारकडे गेले, त्याच दिवशी मद्रासचे महापालिकेकडे.

महापालिकेने घरोघरी परवाने विकण्यावर भिस्त ठेवली नाही. मरीना किनाऱ्यावर आणि बागांमध्ये ध्वनिक्षेपक बसवले, शाळांमध्ये यंत्रे दिली. संध्याकाळी समुद्रावर फिरायला आलेला माणूस फुकट संगीत ऐके. मुलांसाठी वर्गात पाठ प्रसारित होत. जिथे ऐकणाऱ्याच्या घरी सेट नाही तिथे चौकात कर्णा लावा, इतका साधा हा विचार. पाणी आणि दिवाबत्ती पुरवणाऱ्या संस्थेला तो सुचला, यात नवल नाही. आठ वर्षे हे केंद्र चालले. १६ जून १९३८ रोजी ऑल इंडिया रेडिओचे मद्रास केंद्र सुरू झाले तेव्हाच ते थांबले.

मुंबईत चौपाटी होती, मैदाने होती, आणि देशातली सर्वांत सधन महापालिका होती. कंपनी कोलमडली तेव्हा ती पुढे आली नाही. शहराच्या बाजूने लिहिताना हा दोष शहराच्याच पदरात घालावा लागतो. मुंबईने आपला रेडिओ व्यापाऱ्यांवर सोडला, आणि व्यापारी थकले तेव्हा तो दिल्लीला गेला.

६. दिल्लीकडे सरकलेला काटा

३० ऑगस्ट १९३५ रोजी बीबीसीचे लायोनेल फील्डन हिंदुस्थानात प्रसारणाचे नियंत्रक म्हणून दाखल झाले. माणूस तऱ्हेवाईक, पण कल्पक आणि धडाडीचा. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे जडशीळ नाव त्यांना खुपत होते. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या तोंडूनच त्यांनी ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव काढून घेतले, असा किस्सा त्यांनी स्वतःच नंतर रंगवून सांगितला. १ जानेवारी १९३६ ला दिल्ली केंद्र सुरू झाले, ८ जूनला नवे नाव लागू झाले.

नाव बदलले त्यापेक्षा रचना बदलली हे अधिक परिणामकारक ठरले. १९३७ मध्ये बातम्यांसाठी दिल्लीत मध्यवर्ती यंत्रणा उभी राहिली आणि निरनिराळ्या भाषांतली बातमीपत्रे तिथून होऊ लागली. मराठी बातमीपत्रही दिल्लीतून. मुंबईत गिरण्यांचा संप झाला तर त्याची बातमी आधी दिल्लीला जायची, तिथे इंग्रजीत तिची निवड व्हायची, मग मराठीत उतरून ती परळच्या श्रोत्याच्या कानावर पडायची. राज्याराज्यांतून प्रादेशिक बातमीपत्रे द्यायला सुरुवात झाली १९५३ मध्ये, आणि तीही लखनौ आणि नागपूरहून; मुंबईला थांबावे लागले. ‘टाइम्स’ने आपला पहिला कार्यक्रम जिथून वाजवला त्या शहराची ही गत.

तांत्रिक बाजूही त्याच दिशेला गेली. जागोजागी मध्यमलहरींची छोटी केंद्रे काढावीत, की लघुलहरींचे मोजके प्रक्षेपक उभारून साऱ्या देशावर पातळसा का होईना आवाज पसरावा, असे दोन मार्ग होते. निवड दुसऱ्याची झाली. फेब्रुवारी १९३८ मध्ये मुंबईला दहा किलोवॅटचा लघुलहरी प्रक्षेपक मिळाला. पल्ला शेकडो मैलांवर गेला. पण लघुलहर प्रक्षेपकाच्या अगदी जवळच्या पट्ट्याला ओलांडून दूर जाऊन उतरते, आणि ती पकडायला क्रिस्टलचा खडा चालत नाही, व्हॉल्व्हचा सेट लागतो. जवळच्या गरिबाऐवजी दूरचा सधन श्रोता हिशेबात धरला गेला.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप वर्गाचा. हा रेडिओ मलबार हिलचा, फोर्टातल्या गोऱ्यांचा आणि पारशी शेटजींचा; त्याला शहराचा म्हणणे हा ढोंगीपणा. यात बरेच तथ्य आहे. अपोलो बंदरावरच्या स्टुडिओत पाश्चात्त्य संगीताला मोठा वाटा होता आणि चाळीतल्या कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून तिथे कार्यक्रम आखले जात नव्हते. पण वर्तमानपत्रे, नाटक, ग्रामोफोन आणि सिनेमा यांचीही सुरुवात या शहरात मूठभरांपासून झाली आणि पाहता पाहता पसरली. प्रश्न आरंभाचा नाही, पसरण्याची वाट मोकळी होती की बंद हा आहे. सेटवर ५० टक्के आयातकर आणि वर दहा रुपये शुल्क ही ती वाट बंद करण्याची खात्रीची तजवीज होती.

दुसरा आक्षेप खेड्यांचा, आणि तो अधिक वजनदार. शहरांनी आपापले रेडिओ चालवले असते तर खेडी बहिरीच राहिली असती. सर्वांपर्यंत पोचायला राष्ट्रीय यंत्रणाच हवी होती. तत्त्व म्हणून हे मान्य. प्रत्यक्षात काय झाले ते १९४७ च्या आकड्यांत आहे. स्वातंत्र्याच्या दिवशी भारताच्या वाट्याला सहा केंद्रे आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. त्यांचे मध्यमलहरी प्रसारण देशाच्या अडीच टक्के क्षेत्रफळावर आणि अकरा टक्के लोकसंख्येवर पोचत होते. अकरा वर्षे ‘ऑल इंडिया’ म्हणवून घेतल्यावरही तो सहा शहरांचा रेडिओ होता. फरक एवढाच की आता त्या शहरांना आपल्या केंद्रावर काय वाजावे हे ठरवण्याचा अधिकार नव्हता. खेड्यांच्या नावाने शहरांकडून घेतले, पण ते खेड्यांना मिळाले नाही.

तिसरा आक्षेप भाषेचा. मुंबईत मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, इंग्रजी. दिवसाच्या मोजक्या तासांची चार चुली मांडल्यासारखी वाटणी, कोणाचेच पोट भरेना. अडचण खरी होती. संध्याकाळचा एक तास मराठीला दिला की गुजराती श्रोता सेट बंद करी. पण या अडचणीवरचा उपाय शहरातच अधिक चांगला सापडला असता, कारण ही भाषांची सरमिसळ रोज हाताळणारे नाटकवाले, ग्रामोफोन कंपन्या आणि सिनेमाचे स्टुडिओ याच शहरात होते. शास्त्रीय संगीत, ठुमरी, नाट्यगीत आणि वाद्यवृंद भाषेच्या भिंती ओलांडतात, हे त्यांना ठाऊक होते. दिल्लीने काढलेला एक उपाय नमुन्यादाखल पाहण्याजोगा आहे. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला, म्हणजे हार्मोनियमला बंदी आली. तिचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत, हा त्यामागचा विचार. शास्त्राच्या बाजूने त्यात तथ्य असेलही. पण ज्या शहरात प्रत्येक नाट्यगृहात, भजनी मंडळात आणि शिकवणीत पेटी होती, त्या शहराच्या केंद्रावर ती तीन दशके वर्ज्य राहिली.

८. दबलेले शहर कुठून बोलले

शहराकडून रेडिओ काढून घेतल्यावर शहराची ती गरज आणि ते कसब नाहीसे झाले असते, तर हा सगळा युक्तिवाद पोकळ ठरला असता. तसे झाले नाही. दोन वेळा ते उघडपणे वर आले, दोन्ही वेळा सरकारी केंद्राच्या बाहेर.

पहिली वेळ १९४२. ‘चले जाव’च्या ठरावानंतर नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ मुंबईतून बोलू लागला. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यामागे होते. राममनोहर लोहिया त्यांना साथ देत होते. प्रक्षेपक एका जागी फार दिवस ठेवता येत नसे, पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत फिरत, म्हणून जागा सतत बदलाव्या लागत. १२ नोव्हेंबरला छापा पडेपर्यंत तो चालला. या प्रकरणाकडे देशभक्तीची गाथा म्हणून पाहिले जाते, आणि ती आहेच. पण प्रक्षेपक जुळवणारा तंत्रज्ञ, त्याचे सुटे भाग, ते पुरवणारी दुकाने हे सगळे आले कुठून? नरिमन प्रिंटर यांच्यासारखे रेडिओ तंत्रज्ञ या शहरात तयार झाले होते. काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवणाऱ्या ‘शिकागो रेडिओ’चे नानक मोटवाने याच शहरात व्यवसाय करत होते, आणि पुढच्या खटल्यातल्या आरोपींत त्यांचेही नाव होते. वीस वर्षांपूर्वी क्लबांच्या आणि दुकानांच्या आधाराने जी विद्या शहरात रुजली, तिच्याशिवाय हे अडीच महिने घडलेच नसते.

दुसरी वेळ १९५२. माहितीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांच्या काळात चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार झाली. गाणी मुंबईची, गायक-संगीतकार मुंबईचे, आणि मुंबईच्या सरकारी केंद्रावर त्यांनाच दार बंद. मग कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होऊ लागले, फिती कोलंबोला जाऊ लागल्या आणि रेडिओ सिलोनवरून ते साऱ्या भारतात ऐकू येऊ लागले. ३ डिसेंबर १९५२ ला अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ अशीच सुरू झाली. एका टूथपेस्टच्या जाहिरातीचा पैसा, मुंबईतला निवेदक, मुंबईतली गाणी. परकी होती ती फक्त प्रक्षेपकाची जागा. १९२७ मध्ये तीस मैलांत अडकलेला रेडिओ आता समुद्रापलीकडून फिरून घरी येत होता.

सरकारने याला दिलेले उत्तर दोन टप्प्यांत आले. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू झाली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ रोजी, तिच्यावर जाहिराती घ्यायला परवानगी मिळाली. त्यासाठी प्रयोगाला निवडलेली केंद्रे होती मुंबई, पुणे आणि नागपूर. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या उद्घाटनाला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती. शहरातले उद्योग रेडिओचा खर्च उचलू शकतात, हे त्या प्रयोगात लगेच दिसून आले. जाहिरातदारांच्या रांगा लागल्या. जमा होणारा पैसा मात्र मुंबई केंद्राच्या हिशेबात न येता केंद्र सरकारच्या तिजोरीत जात राहिला.